फक्कीच्या रेघांचं घर

१३ एप्रिल

घर झालं! म्हणजे जमिनीवर. चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून अख्खा नकाशा खऱ्या मापात आखला. चित्रकला शिकवण्यात जन्म गेला, तरी रेघ वाकडीच. आसावरीबाई म्हणाल्या, "सर, ही भिंत आहे की ओहोळ?" एकाच शाळेत हयात गेली, दोघंही निवृत्त झालो, अजून मी सर आणि त्या बाई.

ठरलंय असं — घर मी आखायचं, बाग त्यांनी. आणि दोघांनीही समोरच्या डोंगराकडे बघून. ही अट त्यांचीच. माझ्या पहिल्या नकाशात कमान आणि खांब होते. "लग्नाला भाड्याने देणार का?" असं विचारून त्यांनी तो परत केला. आता छपराचा उतार माथेरानच्या डोंगरावरून घेतलाय. वर सपाट, मग दोन्हीकडे खाली. बरं दिसतंय. माझ्या हातून झालं हे खरं वाटत नाही.

१५ एप्रिल

घरात दारातूनच शिरायचं, असा नियम केला. पाच मिनिटांत स्वतः भिंतीतून आरपार गेलो. बाईंनी पाहिलं. दाराच्या रेघेकडे बोट केलं.

१९ एप्रिल

आज हद्द झाली. शेजारच्या शेताचा पदू भाताच्या रोपांसाठी राब भाजायला टहाळ्यांचा भारा घेऊन नेहमीच्या वाटेने निघाला होता. आणि मी ओरडलो — "पदू, भिंत आहे तिथे!"

बिचारा थांबला. डोक्यावर भारा, समोर मोकळं रान. मग गंभीर चेहरा करून विचारलं, "सर, दार कुटं हाय?" दाखवलं. वळसा घालून आला, भारा उतरवला, उंबरठ्याच्या रेघेबाहेर चपला काढल्या. "आत येऊ का?" बाई हसून हसून खाली बसल्या. आता चौक गावाकडे जाणारे लोक बाइक थांबवून बघतात — दोन म्हातारी माणसं उघड्या रानात बसून एकमेकांना सांगतायत, खिडकी लावा, ऊन येतंय.

बागेवरून मात्र वाजलं. मला गुलाब हवेत. बाईंना भाताचे बांध आहेत तसेच ठेवून पायरीपायरीने ओहोळापर्यंत उतरायचंय. करवंद, कुडा, बहावा, जे डोंगरावर आहे तेच.

"गुलाबाचं काय बिघडलं?"

"काही नाही. तो पुण्यात बरा."

गुलाब गेले.

२७ एप्रिल

नकाशात एक खोली आहे. त्यावर मी 'पाहुणे' असं लिहिलंय. इथे खोटं कशाला बोलू! मला पाहुणे कोण येणार? मुलगी सानवी येते ती वर्षातून एकदा, आणि पहिल्या दिवशीच परतीचं तिकीट बघते. ती खोली बाईंसाठी आहे. सगळंच घर बाईंसाठी आहे. बायको, सुचेता, गेल्यावर कर्जतच्या फ्लॅटमध्ये मी मजेत एकटा मेलो असतो, एवढा उपद्व्याप केला नसता.

मला त्या आवडतात. लिहिलं! कागद फाटला नाही.

पण विचारायचं कसं? सासरचं घर त्या एका बॅगेनिशी सोडून आल्या होत्या. स्टाफरूममध्ये कुणी कधी विषय काढला नाही, मीही नाही. आता विचारलं आणि नाही म्हणाल्या, तर या भेटीही संपल्या. मग राहा म्हणावं एकट्याने डोंगराच्या आकाराच्या घरात.

३ मे

पदूची बायको मोतीबाई करवंदं घेऊन आली. दारातून आली! स्वयंपाकघरात उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओटा ल्हान हाय ओ. दोगांना पुरंल का? बाई, तुमी रवायला येनार ना हितं?"

बाई डोंगराकडे बघायला लागल्या. आणि मी शूरवीर! मी पन्हळीवर बोलायला लागलो. छपराचं पाणी कुठून कसं न्यायचं, पन्हळ पत्र्याची की पीव्हीसीची. कुणी विचारलं नव्हतं. थांबताच येईना.

४ मे

विचारलं.

वाक्य पाठ केलं होतं, चांगलं होतं. बाहेर पडलं ते असं — "बाई, ती खोली... म्हणजे तुम्ही पाहुण्या नाही... म्हणजे कायमच्या."

त्यांनी हातांवरची माती झटकली. मग "विचार करते, सर" म्हणाल्या आणि निघाल्या. सरळ भिंतीतून.

७ मे

फोन नाही.

९ मे

पदूने विचारलं, "बाई नाय आल्या?" म्हटलं, गुडघा दुखतोय त्यांचा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी पन बसा जरा, सर." बसलो. हॉलच्या मधोमध, मातीत. फार वाईट वाटलं. याच जागेवर महिनाभर हसलो होतो.

११ मे

बाई आल्या. फक्कीची पिशवी घेऊन.

"सर, कुणाच्या घरात राहायला मी पुन्हा जाणार नाही. एकदा गेले होते, तेवढं पुरे."

बरं म्हणालो. त्या तशाच खाली उतरल्या, बागेच्या पार पलीकडे, शेवटच्या बांधाजवळ, आणि वाकून रेघा मारू लागल्या. दोन खोल्या. एक ओटी. रेघा सरळ.

"हे माझं. बाग मधे, दोघांची. चालेल?"

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी दारही आखलं. माझ्या दारासमोर.