आजीव सभासद

सानगडी,
२२ जानेवारी १९७८

ती. दादांस,
धाकट्या कुंताचा शि. सा. न. वि. वि.

शाळेतून निवृत्त होऊनही तुमच्या बहिणीला स्वस्थ बसवत नाही, हे पत्रास कारण. आमच्या आसपासच्या टोल्यांतील, लहान वस्त्यांतील मुली सातवी होतात आणि घरी बसतात. हायस्कूल सानगडीत, आणि वाट जंगलातून. तेजरामजी बाजाराजवळचे आपले रिकामे घर मुलींच्या वसतिगृहासाठी द्यावयास तयार आहेत. मात्र त्यांचे म्हणणे असे, की घर बाईच्या नावे देणार नाही, नोंदलेल्या संस्थेच्या नावे देईन. आणि शाळा उघडेपर्यंत संस्था झाली नाही, तर बाबूलालशेठ धान ठेवावयास ते मागतच आहेत.

अशाच एका टोल्यावरच्या धुरपताबाईंची नात रुखमा यंदा सातवीत आहे. वसतीगृह झाले तर ती आठवीला जाईल. न झाले तर तिला बघावयास पाहुणे येतील.

संस्थेची घटना तुम्ही लिहून द्यावी. घरात संस्कृतचे प्राध्यापक असताना वकिलाकडे जाणे बरे दिसत नाही. फक्त ती माणसांना कळेल, एवढे पाहावे. वहिनींना नमस्कार.

लोभ आहेच, तो संस्थेपर्यंत वाढवावा.

आपली,
कुंता

*

नागपूर,
७ फेब्रुवारी १९७८

चि. कुंतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात 'वसतिगृह' एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ आले आहे. शाळेबरोबर ऱ्हस्वदीर्घातूनही निवृत्त झालीस की काय?

घटना सोबत पाठवीत आहे. कायद्यास किमान सात सभासद लागतात. त्यांची पूर्ण नावे, वये, व्यवसाय आणि सह्या किंवा अंगठे घे. तेजरामजींचे संमतिपत्र जोडावयास विसरू नकोस. संस्थेचे नाव, पत्ता व उद्देश मी लिहिलेच आहेत. पुढेमागे संस्था विसर्जित झाल्यास उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून न घेता दुसऱ्या तशाच संस्थेस द्यावी, हे कलम कायद्याला आवश्यक असून मला विशेष साधले आहे. सभासद सर्व 'आजीव' ठेवले आहेत. एकदा झाली ती जन्मभर. दरवर्षी नावे गोळा करण्याची यातायात नको.

मसुदा सभेत जसाच्या तसा वाच. त्यातील एक अक्षरही बदलावयाचे नाही, हे वाचण्यापूर्वीच सर्वांना बजावून सांग. माणसांना कळण्याविषयी तू लिहिले आहेस. शुद्ध मराठी माणसांना कळत नसेल, तर तो दोष मराठीचा नव्हे.

प्रकृतीस जपावे, व्याकरणासही.

तुझा,
कृष्णराव

*

सानगडी,
२७ फेब्रुवारी १९७८

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. आपल्या आज्ञेप्रमाणे प्रथम बजावले, मग वाचले. विसर्जनाच्या कलमावर धुरपताबाई एकदम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की संस्था अजून जन्मली नाई, अन् तुमच्या दादानं तिची तेरवी काहून लिहून ठेवली? त्यांची समजूत घालताना माझा घसा बसला.

खरा प्रकार पुढेच. 'आजीव सभासद' हे शब्द येताच तरुण बायका एकेक करून उठल्या. मला वाटले, स्वयंपाकाची वेळ झाली. सह्या घेताना पाहते तो साती जणी नातवंडे असलेल्या! उठून गेलेल्या शकुनबाईला मी बोलावले तर ती लाजून म्हणाली, की मोठा पोरगा तिसरीत हाय, मी आताच आजी कशी होऊ? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा, आपल्या संस्थेत फक्त आज्यांना प्रवेश आहे, असा साऱ्या गावाचा समज झाला आहे.

मी अर्थ सांगू लागले. धुरपताबाईंनी मलाच दटावले, की अक्षर बदलायचं नाई असं तुमीच सांगितलं, आता कायले बदलून राहिल्या?

त्या हिशेबाने मी संस्थेबाहेर आहे. मला ना मूल, ना नातवंड. लिहिण्यावाचण्याचे काम मात्र माझ्याकडेच राहील, असे सभेने उदार मनाने ठरविले. तो शब्द बदलून 'कायमचे' करावा, ही विनंती.

वहिनींनी केलेल्या लोणच्यावर आपला जितका विश्वास, तितका माझ्यावरही असू द्यावा.

कुंता

*

नागपूर,
६ मार्च १९७८

चि. कुंतास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून तुझी वहिनी इतकी हसली, की मला चहा स्वतः करावा लागला. शब्द बदलणार नाही. अज्ञानापुढे शब्दाने माघार घेतली, तर उद्या वाक्य घेईल. सात आज्या म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सात सज्ञान व्यक्ती. अर्ज तसाच दाखल कर. तुझे नाव आपण पुढे सवडीने घालू.

तुझ्या पत्रातील एकाही शब्दात या वेळी चूक नाही. त्याबद्दल अर्धे अभिनंदन.

आशीर्वाद कायम, मसुदाही कायम.

कृष्णराव

*

सानगडी,
२४ एप्रिल १९७८

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्जाच्या चौकशीसाठी नोंदणी कचेरीतून साहेब येऊन गेले. भले गृहस्थ. त्यांनी प्रत्येकीला विचारले, की तुम्ही सभासद कशा झालात. धुरपताबाई ताठ बसून म्हणाल्या, की मले नात हाय म्हणून. दुसरीने तेच सांगितले आणि वर दोन नातू अधिक असल्याचे नोंदवावयास लावले. साहेबांनी घटना उलटसुलट पाहिली आणि माझ्याविषयी विचारले. बायका म्हणाल्या, की बाई आमचं लिहिते-वाचते, पर सभासद नाई. तिले कोनी नाई ना! अंगावरच्या साडीचा रंग सांगावा, इतक्या सहज त्यांनी हे सांगितले. मीही हसले. हसावेच लागते.

साहेबांचा शेरा असा, की सभासदांचे जबाब आणि घटना जुळत नाहीत. एकतर सभासदांना घटना समजावी, नाहीतर घटना दुरुस्त करून सर्वांच्या सह्यांनिशी मेअखेर यावी. नोंदणी तोवर थांबली आहे. बाबूलालशेठ काल तेजरामजींच्या घरात जाऊन ओल कुठे येते ते पाहून आले. रुखमा सातवीत पहिली आली आहे, आणि तिला बघावयास पाहुणेही यायचे आहेत.

माझे कुणी ऐकत नाही. आता तुम्हीच यावे. येताना आवाज थोडा नागपुरातच ठेवून यावा.

कुंता

*

सानगडी,
९ मे १९७८

सौ. चंद्रभागेस,
अनेक आशीर्वाद.

कुंताकडे सुखरूप पोहोचलो. काल सभा घेतली. फळा मागवून 'आजीव' शब्दाची फोड केली. 'आ' म्हणजे पर्यंत, 'जीव' म्हणजे जगणे. बायकांनी सर्व लक्षपूर्वक ऐकले. मग कुंताच्या पत्रातल्या त्या धुरपताबाईंनी मला विचारले, की गुरुजी, जीव हाय तवापर्यंतच सभासद, मंग आमी मेलो का संस्था बी मेली? आजीचं तसं नाई, एक गेली का घरात दुसरी तयार रायते.

तू हसत असशील. मी हसलो नाही; खडू खाली ठेवला.

नंतर मी विचारले, की मग हे सर्व जिने उभे केले, तिला बाहेर का ठेवता? कुंता पाणी आणावयाच्या निमित्ताने आत गेली. ती गेल्यावर शकुनबाई म्हणाली, की रोवणीच्या दिवसांत आमच्या मायबाया धानाच्या बांधीत जात, तवा आमाले शाळेच्या ओसरीवर या बाईनंच सांभाळलं, आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. दुसरी म्हणाली, की मले बी. तिसरी नुसतीच डोळे पुसू लागली. ही कुंता आपल्याला पत्रातून एवढे दिवस केवळ शाळेच्या तपासणीच्या हकिगती कळवीत होती!

सभासदत्वाचे कलम मी तिथेच बसून नवे लिहिले: 'आपले किंवा दुसऱ्याचे मूल जिने सांभाळले, ती कोणतीही बाई या संस्थेची सभासद होऊ शकेल.' संधी नाही, लांबलचक समास नाही. पंचवीस वर्षांच्या अध्यापनात इतके उघडे वाक्य मी लिहिले नव्हते. ते वाचताच फेब्रुवारीत उठून गेलेल्या तरुण बायका सह्या करावयास पुढे आल्या. पहिले नाव कुणी न सांगता कुंताचे घातले गेले. तिने सही केली. 'कुंता'तील अनुस्वार बाजूला पडला. मी तो सुधारला नाही.

उद्या वाटेवरच्या कारध्याला एक दिवस थांबून येतो. माझ्या चहाची सवय मोडू नकोस.

कृष्णराव

*

सानगडी,
२८ जून १९७८

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

नोंदणीचे प्रमाणपत्र आले. कचेरीतील कुणा विद्वानाने आपल्या कलमातील 'बाई' खोडून 'महिला' केले आहे. आपणांस संताप येईल, तो कृपया पत्राने इकडे न पाठवता वहिनींपाशीच संपवावा. तेजरामजींनी किल्ली सभेत दिली. बाबूलालशेठ रागावले नाहीत. ओल कुठे येते ते त्यांनीच दाखवून दिले, आणि कौले शाकारून झाली.

परवा मुली आल्या. रुखमाला पोचवावयास धुरपताबाई आल्या आणि निघताना मला एवढेच सांगून गेल्या, की ही पोरगी वांगं खात नाई, पर तुमी खाऊ घाला. काल पहिला दिवस शाळेचा. मुली गेल्यावर घर इतके शांत झाले, की मी दोनदा अंगणात जाऊन रस्ता पाहून आले. गेल्या वर्षी याच वेळी मी दुपारची झोप काढीत असे.

अजून पुष्कळ लिहावयाचे आहे, पण शाळा सुटली. मुली वळणावर दिसू लागल्या आहेत, आणि वांगी अजून चिरावयाची आहेत.

घाईत,
कुंता