डाव्या खिडकीशी बसा

लिस्बन, ४ मार्च २००७

तीर्थरूप बाबांना गौरवीचा इथूनच वाकून नमस्कार.

माझा खोकला बहुतेक गेला. इथला पाव आपल्या पोदेराच्या भट्टीतल्या उंड्यासारखाच लागतो, त्यामुळे पोटाची काळजी नको.

तुम्हां दोघांची मे महिन्यातल्या दहा दिवसांची तिकिटं सोबत आहेत. विमान एकदाच बदलायचं, मध्ये तीन तास मोकळे ठेवलेत.

पण पेडण्याहून मुंबईपर्यंत मी रेल्वेची तिकिटं काढली आहेत. रागावू नका. काजूबोंडांनी लगडलेली आपली काजींची बाग रुळांखाली गेली तेव्हा, “त्या गाडीत पाय ठेवणार नाही,” म्हणालात, ते विसरले नाही. पण बसमध्ये आईची कंबर धरते, आणि ती तुम्हांला सांगायची नाही. आता कशी आहे तिची कंबर?

आणखी एक. मुंबईला शिकत होते तेव्हा बसने जाते सांगून मी दर खेपेला त्याच गाडीने गेले.

पेडणे सुटलं की डाव्या खिडकीशी बसा. तुम्ही तिकडे फिरकला नाहीत, म्हणून ठाऊक नसेल. कुंपणापलीकडे आपली एक काजी अजून उभी आहे. मी दर खेपेला तिला हात करायचे.

या खेपेला तुम्ही करा.

तुमची,
गौरवी