पंधरा प्रश्न आणि एक कात्री

३ फेब्रुवारी, सोमवार

"आयुष्य रिकामं वाटतं का?" म्हणे! मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घरात माणसं सात आणि न्हाणीघर एक. रिकामं कुठून वाटायचं?

लकवा झाला डाव्या हाताला, आणि त्या व्यायामाच्या केंद्रात तपासतात मन. हाताचे व्यायाम उरकले की आभा नावाची पोरगी पडद्यामागे बसवते. कागदावरून पंधरा प्रश्न विचारते. पुण्याची आहे, पण कागद कन्नडमधला. नवी चप्पल चावत असल्यासारखं कन्नड बोलते. आपण म्हणायचं हौदु, नाहीतर इल्ला. हो किंवा नाही, बस्. मला, तुंगाला, एका शब्दात आवरायला सांगते! मी आपलं तोंडाला येईल ते सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली. पंधरवड्यानं परत विचारणार आहे. तो "हं" मला आवडला नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नातसून मृण्मयी लिहिते. ही वही कुणाला वाचून दाखवायची नाही — तुझ्या सासूला तर मुळीच नाही! हेसुद्धा लिही.

५ फेब्रुवारी, बुधवार

कळलं! पडदा पातळ आहे. बाकावर बसून सात जणांची उत्तरं ऐकली. ज्याचं बरोबर, त्याला "छान हं, आजोबा" आणि सुट्टी. ज्याचं चुकलं, तो वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरकडे. मग घरच्यांना बोलावणं, मग कुजबुज. माझी सून, तुझी सासू लक्ष्मीदेवी, आधीच उतू चाललेल्या दुधाकडे बघावं तशी माझ्याकडे बघते. तिला आणखी कारण कशाला?

शंभरेक अभंग कानानं पाठ केलेत मी. पंधरा उत्तरांचं काय! हौदु, इल्ला-इल्ला-इल्ला, हौदु. इल्ला, हौदु, इल्ला-इल्ला-इल्ला... अय्यो, भजनाच्या ठेक्यात काय छान बसतंय!

८ फेब्रुवारी, शनिवार

एकादशी. पाय दुखतोय. भजनाला गेले नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज बाकावर गंगाधरराव भेटले. आमच्या ह्यांचे दोस्त, आमच्यातलेच शिंपी. अर्ध्या मैसूरच्या बँडवाल्यांचे कोट त्यांनी शिवलेत. आता उजवा हात गेलाय, ओठाचा कोपरा खाली आलाय.

"वैनी, ती पोरगी विचारायला लागली की डोळे भरतात हो. काय सांगू तिला?"

"भावजी, परीक्षेत रडायचं नसतं," म्हटलं. "पाठ करा."

गुडघ्यावर ठेका धरून शिकवलं. शेजारच्या दोघी बायकाही सरकून आल्या. बघा, अडाणी बाईची शाळा! फी नाही, पाटी नाही, नापास कोणी नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग पहिला आला! गंगाधररावांनी तर कमाल केली. आभानं प्रश्न वाचायच्या आधीच "इल्ला". ती बिचारी फोनवर मोठ्या डॉक्टरांना सांगत होती, सगळ्यांची किती प्रगती आहे म्हणून. माझ्या नाकातून कॉफी आली हसून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गंगाधररावांनी आज कात्री आणून दिली. जुन्या अस्तरात गुंडाळलेली, पितळी मुठीची, मोठी.

"ठेवा तुमच्याकडे, वैनी. मला आता कशाला?"

मी चेष्टाच केली. "धार तिची गेली की तुमची?" ते चालत्या अर्ध्या ओठानं हसले आणि गेले.

घरी येऊन कात्री मांडीवर घेतली. जड आहे. आमच्यात शिंपी आपली कात्री सख्ख्या भावालासुद्धा वापरायला देत नाही. जेवायला उठला तरी खुंटीला लावून, वर नजर ठेवून जेवतो. आमच्या ह्यांची अजून खिळ्याला आहे — हे जाऊन अकरा वर्षं झाली, कुणी हात लावलेला नाही.

आणि गंगाधररावांनी स्वतःहून दिली.

त्या पोरीनं विचारलं तेव्हा त्यांचे डोळे भरत होते. डोळे खरं सांगत होते. मी इल्ला शिकवलं.

मृण्मयी, वही ठेव. आभाला फोन लाव. आत्ता!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल आभा तशीच रिक्षानं आली. मी सांगून टाकलं — त्यांची उत्तरं माझी आहेत, सगळ्या बाकाची माझीच आहेत. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

गंगाधररावांच्या घरी गेलो. त्यांची सून म्हणाली, "चार दिवस जेवले नाहीत. आम्हाला वाटलं, काही उपास धरलाय." आभानं त्यांच्याजवळ बसून परत विचारलं, या वेळी मराठीत, कागद न घेता. मी बाहेरच्या खोलीत. कॉफी हातात घेऊन दाराला कान लावला. मग आवाज आला त्यांचा. अडखळत, पण ठेक्यात नाही.

डॉक्टर येऊन गेले. औषध सुरू केलंय. मुलगा आता त्यांच्या खोलीत झोपणार.

निघताना आभा म्हणाली, "आजी, त्यांची उत्तरं तुमची होती. मग तुमची कुणाची?"

मी आपली चपला शोधायला लागले — पायातच होत्या.  हसू नकोस, मृण्मयी. लिही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काही नाही. पान सोड.

२४ फेब्रुवारी, सोमवार

एकादशी. गंगाधरराव काल एक चपाती जेवले. कात्री अजून मागितलेली नाही. मी तेल लावून ठेवलीय.

आभानं आज मला प्रश्न उलटसुलट विचारले. ठेका सुटला.

मागच्या एकादशीला पाय दुखत नव्हता. त्याआधी घरी भजन करून बघितलं होतं — डाव्या हातातून टाळ दोनदा पडला. मग भजन नकोसं झालं. मग जेवण. मग सकाळ झालेलीसुद्धा नकोशी. पंधरातली दहा चुकली. चुकली नाहीत — खरी सांगितली.

मृण्मयी, ही वही वाचून दाखव. आधी तुझ्या सासूला.