बाई पाहिजे

धंतोली, नागपूर
जून १९४४

प्रिय नीलू,

तुझे बाबा पत्राची सुरुवात 'चि. सौ. नीला हीस' अशी करतात आणि दोन ओळींत हवापाणी सांगून मोकळे होतात. मला कॉन्व्हेंटची सवय. 'प्रिय' लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही आणि एकदा सरकला की थांबत नाही. आज मात्र सकाळपासून कितीदा बसले नि कितीदा उठले. दाराच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून येते, भरलेल्या माठात पुन्हा डोकावून येते. शेवटी रुख्मिणीनं हातातला झाडू खाली ठेवला आणि म्हणाली, "काहून अशा चकरा मारून राहिल्या बाई? जिवाले बरं नाही का?" तिला काय सांगणार!

तुझ्या पत्राला मी अजून उत्तर दिलं नाही, हे तुला टोचत असेल. सगळं कळलं गं. जबलपूरच्या रेशनिंग कचेरीत तुला जागा मिळतेय, जुलैपर्यंत थांबायला तिथले साहेब तयार आहेत, मुकुंदरावांची ना नाही. पण ते पहाटे कारखान्याच्या भोंग्याला जातात ते दिवेलागणीला परततात. तुझ्या सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी होती. तान्ह्या अनंतासाठी भरवशाची बाई शोधून तू थकलीस, म्हणून 'आई, तू वर्षभर ये.' आणि अगदी खाली, सही झाल्यावर, कोपऱ्यात बारीक अक्षरात: 'दोघांनीही नोकरी करावी का गं? खरं सांग.' बाकीचं पत्र मी एकदाच वाचलं. त्या ओळीकडे मात्र येता-जाता बघतेय.

तुझ्या बाबांनी त्याच दिवशी निकाल दिला. "बी.ए. काय लोणची घालायला केलं तिला? खुशाल करू दे नोकरी. जमाना बदलला." मला त्यांचा केवढा अभिमान वाटला! धंतोलीत किती बाप असं म्हणतील? मग वर्तमानपत्राचं पान उलटत, मान वर न करता म्हणाले, "तू निघायची तयारी कर. माझं काय, रुख्मिणी आहे." मी ट्रंक काढली. अनंताची कुंची, तुझ्याच जुन्या लुगड्याची दुपटी, मेतकुटाची बरणी भरली. दुसऱ्या दिवशी सगळं उपसलं. मग पुन्हा भरलं. ती ट्रंक अजून पलंगाशी उघडी पडली आहे आणि रुख्मिणी तिला वळसा घालून केर काढते.

तू विचारलंस, दोघांनी करावी का. तुला आठवतं, तू परकरात होतीस तेव्हा संध्याकाळी बाबा सेक्रेटरिएटमधले इंग्रजी मसुदे घरी आणायचे? मी तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि ते मोठ्यानं वाचायचे. मध्येच थांबून, "इथं 'दी' हवा का गं?" मी म्हणायची, हवा. "आणि इथं?" तिथं नको. तुला तो आमचा काहीतरी खेळ वाटायचा. तूही शेंगा उडवत "दी! दी!" ओरडायचीस. निरोपाच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या इंग्रजीची फार तारीफ केली, ते त्यांनी मला घरी येऊन ओल्या डोळ्यांनी सांगितलं. नीलू, ते खोटं वागत नव्हते. खरंच विसरले होते. आणि मीही त्या दिवशी आनंदानं पुरण घातलं. सेक्रेटरिएटच्या कपाटांत माझे किती 'दी' धूळ खात पडले असतील, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय आणि हसू येतंय.

कॉन्व्हेंटमधून मला काढलं तेव्हा सिस्टर अगाथांनी माझ्या वडिलांना थांबवून घेतलं होतं. हिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, हिला लहान मुलींचा वर्ग द्यायचाय, असं त्या म्हणाल्या. वडील सावनेरचे, कापसाचे व्यापारी. हात जोडून म्हणाले, "माय, आमच्या घरी भाकर कमी नाही पडली अजून." टांग्यात बसल्यावर मला जवळ घेऊन त्यांनी माझी समजूत काढली. वाईट मुळीच नव्हते. तो आवाज पुढे 'पानं वाढली, चला' म्हणायला उपयोगी पडला, आणि तो ऐकून तुम्ही सगळे जिथे असाल तिथून धावत आलात. त्या हाकेतही सुख होतं, हे मी नाकारणार नाही.

आता मागच्या आठवड्याची गंमत सांगते. गंमतच म्हणते सध्या. मी देवळात गेले होते. आपल्या मागच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेचा शिपाई फाटकाशी येऊन तुझ्या बाबांना म्हणाला, "साहेब, शाळेत बाई पाहिजे. हेडबाईंनी आजच्या आज बोलावलं." बाबांनी आतल्या बाजूला हाक मारली, "रुख्मिणी, जा गं, शाळेत झाडलोटीला बाई पाहिजे म्हणतात. तुझ्या ओळखीची कुणी असेल तर बघ." रुख्मिणीला वाटलं, आपल्यालाच पाठवताहेत. पदर खोचून गेली की! मी घरी येते तो ही ओसरीवर पोट धरून हसतेय. "बाई, हेडबाई नव्हत्या, दुसऱ्या बाई मले खुर्ची देऊन राहिल्या! म्हणते, बसा. म्हणते, इंग्रजी कुठवर झालं तुमचं? म्या म्हणलं, माय, मले मराठीच पुरी वाचता येत नाही, पारशिवनीच्या शाळेच्या पायरीवरूनच वापस आली मी. मंग त्यांच्या ध्यानात आलं. मले नाही जी, तुम्हाले बोलावून राहिले त्या!"

बाबाही हसले. डोळे पुसून पुसून हसले. "अरे, बाई पाहिजे म्हटलं तर माणूस काय समजणार?" असं रुख्मिणीलाच विचारत राहिले. आणि हसता हसता थांबून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला?"

एवढंच म्हणाले. पण ते दोन शब्द कानातून जाईनात. मी शाळेत गेले. हेडबाई म्हणजे कॉलेजात तुझ्या पुढे होती ती प्रेमलता. शाळेच्या बक्षीस समारंभात इन्स्पेक्ट्रेसबाईंशी मी इंग्रजीत चार वाक्यं बोलले होते, ती तिच्या लक्षात राहिली होती. लढाई सुरू झाल्यापासून शिकलेल्या मुली सरकारी कचेऱ्यांत चालल्या, शाळेला शिक्षिका मिळत नाहीत. (तूही त्यांच्यातलीच, बघ!) "काकू," ती म्हणाली, "आमच्या मुली इंग्रजी वाचतात, पण तोंड उघडत नाहीत. तुम्ही फक्त त्यांना बोलतं करा. जुलैपासून याल?" मी म्हटलं, माझं वय बघ. तर म्हणते, "बघितलं. म्हणून तर मुली तुम्हाला घाबरणार नाहीत." आणि मग ती मला एका रिकाम्या वर्गात घेऊन गेली. सुट्टी होती, बाकं एकावर एक रचलेली. मी गंमत म्हणून 'गुड मॉर्निंग, गर्ल्स' म्हटलं. नीलू, आवाज भिंतीपर्यंत गेला.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. जुलै इथे, जुलै तिथे. रात्री डोळा लागत नाही. अनंताला घामोळं येतं, त्याला रडताना आवंढा अडकतो, हे तू लिहिलंयस. तो परक्या बाईच्या कडेवर रडतोय आणि मी इथे कुणाच्या तरी मुलींना 'शी गोज' शिकवतेय, हे चित्र मला बघवत नाही. मग दुसरं चित्र येतं. तू कचेरीला नकार कळवून घरी बसली आहेस, मसुरीची डाळ निवडतेस, आणि मुकुंदराव विचारताहेत, "नीला, हा शब्द बरोबर आहे का गं?" तेही बघवत नाही. तुझं घर, तुझी नोकरी, माझी हौस, सगळं तराजूत घालून बघते, आणि दर वेळी माझीच हौस काढून बाजूला ठेवायला हात जातो. सवयीनं जातो. ती काढली की काटा सरळ होतो, हे मात्र खरं. तू विचारलंस त्याचं उत्तर देण्याइतकी मी शहाणी नाही. एवढंच दिसतं की दोघं बाहेर पडली की घरात तिसरं माणूस लागतं, आणि ते कोण, हे कुणी विचारायच्या आतच सगळ्यांना ठाऊक असतं. तुला, बाबांना. मलासुद्धा.

म्हणून परवा माझ्या तोंडून निघून गेलं. बाबा पुन्हा म्हणाले, "नातवापेक्षा शाळा मोठी का?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, "नाही ना? मग तुम्ही जा. तुम्हाला आता कुठे कचेरी आहे?" त्यांनी चष्मा काढला. "मी? मी जाऊन काय करू?" "मी जे करणार होते ते." भर उन्हात छत्री घेऊन बाहेर पडले ते तिन्हीसांजेला आले. काल दुपारी रुख्मिणी दबक्या पावलांनी आली आणि माझ्या कानाशी लागली, "बाई, साहेब लोडाले लंगोट बांधून राहिले! म्या म्हणलं ढिला झाला, तं म्हणते, मंग दाखव न एकदा नीट." आज सकाळी त्यांनी ट्रंकेतली माझी लुगडी काढून पलंगावर ठेवली, आपली धोतरं भरली, आणि कुंची मात्र होती तिथेच राहू दिली. नीलू, हे पत्र त्यासाठी. गुरुवारी जबलपूरला गाडीतून मी नाही, बाबा उतरतील. मी प्रेमलताला हो कळवलं आहे. स्टेशनवर तुझा चेहरा पडू देऊ नकोस, आणि हसूही नकोस. ते फार घाबरलेले आहेत, फक्त दाखवणार नाहीत. पाहुण्यासारखं त्यांना पाटावर बसवू नकोस. आणि अनंत रडू लागला, की तुझे पाय आपोआप वळतील, माहीत आहे मला. वळू देऊ नकोस. त्यांना उठू दे.

इथे एकटी, घाबरलेली, तरी तुझीच,
आई