शंभर बेरजांची शिक्षा

गुरुजी, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही गेलात, तुमच्यामागे तुमचे मुलगेही म्हातारे झाले, तरी नाही. स्वातंत्र्य नवं नवं होतं तेव्हा रेवसच्या खाडीकाठी तुम्हीच घरोघर फिरून कोळ्यांच्या मुली शाळेत आणल्यात. मी सातवीला पोचले. वर्गात बोलले म्हणून तुम्ही शिक्षा दिलीत: एक आणि एक मांड, मग दर वेळी शेवटच्या दोन संख्यांची बेरीज पुढे लिहीत जा, अशा शंभर संख्या कर. पाच दिवस लागले. शेवटच्या तीन तर एकवीस अंकी झाल्या, वहीची ओळ पुरेना. आणि काय गंमत! शंभरांतल्या तीस संख्या एकाने सुरू होत होत्या, नवाने फक्त चार. मी नाचतच तुमच्याकडे आले.

तुम्ही वही वरवर चाळलीत. "अंक नऊ, पाळी सगळ्यांची सारखी. एकच कसा पुढे पुढे करील? मनाने आकडे ठोकलेस ना, खोटारडे?" एक बेरीज, एक तरी करून बघायची होती हो! मी "व्हय" म्हणाले. सातवीची फायनल पास झाली की मास्तरकी मिळायची; अलिबागला त्या परीक्षेला जाणाऱ्यांच्या यादीतून तुम्ही माझं नाव खोडलंत. मला मास्तरीण व्हायचं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. आई म्हणाली, "गुरुजी खोटं बोलतील व्हय? चल, बोंबील वाळत घाल वलांडीवर." संपली शाळा.

वलांडीच्या दोरांवर ते बोंबील टांगताना मला कारण कळलं, एकटीला. पुढचा एक जाऊन तिथे दोन यायला संख्या दुप्पट व्हावी लागते. नवाला मात्र जराशी भर पडली की पुन्हा पुढे एक हजर. म्हणून एक रेंगाळतो, नऊ टिकत नाही. एवढं साधं! मासळी वाळवणाऱ्या पोरीला कळतं, तुम्हाला खुर्चीत बसून कळू नये? आता कॉलेजातली नात सांगते, आजी, हे तर पुस्तकांत छापलेलं आहे. ऐकून आनंद झाला नाही, अंगाचा तिळपापड झाला.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? राहील ट्रंकेत. घरात सगळ्यांना मी सांगत आले की छडीच्या धाकाने व्हय म्हटलं. तुमच्या हातात त्या दिवशी छडी नव्हती. गुरुजी म्हणतात, म्हणजे चुकलं असेल ते माझंच, असं मला खरंच वाटलं होतं.