लोखंडी आपा

ताहेरा आपा,

सातवीत असताना मी तुला अमेरिकेच्या एका जुन्या युद्धनौकेची गोष्ट वाचून दाखवली होती. इंग्रजांचे तोफगोळे तिच्यावर आदळून समुद्रात पडायला लागले, तसे खलाशी ओरडले, "हिचं अंग लोखंडाचं आहे!" ते नाव जहाजाला चिकटलं. मी ते तुला चिकटवलं.

अब्बा तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. रहिमतपुरात त्यांचं सगळं तू एकटीनं केलंस. "निजाम, आता माज्यानं हुईना रं," असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा मी हसलो. "तुला काय हुतंय? लोखंडी हाईस तू."

काल तुला इथं मिरजेत दवाखान्यात आणलं, तेव्हा तपासून डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मागंच येऊन गेलाय, यांनी अंगावर काढला.

आपा, वाचताना मी एक ओळ गाळली होती. जहाज लाकडाचं होतं.

मी सतारी बनवतो. प्रत्येक भोपळ्याला टिचकी मारून आतली चीर ऐकतो. तू तर तोंडानं सांगत होतीस.

हे पत्र तुला देणार नाही. वाचलंस, तर त्या खाटेवरून तूच माझी समजूत काढशील.

तुझा,
निजाम