चिमणीचा ट्रक आमच्या गल्लीत

४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लायसन्स हातात पडलं! जड वाहनाचं, शिक्क्यासकट. फोटोत मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते, पण नाव माझंच आहे. जी खोकी इतकी वर्षं गोदामात बांधली, तीच आता ट्रकमध्ये घालून मी नेणार, म्हणून तिथल्या बायकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

मालकीणबाईंनी मात्र आधीच बजावलंय, की पहिला महिना परीक्षेचा. कुठे ठोकलंस किंवा माल घेऊन अडकलीस, तर पुन्हा खोकी बांधायला बसायचं. त्यामुळे जीव मुठीत धरून चालवते. पुढे जाताना मी राणी असते रे. मागे घ्यायची वेळ आली की दहा वेळा आरसे बघते.

आता खरी बातमी. पुढच्या बुधवारी फरशांचा माल घेऊन तुमच्याच गल्लीत यायचंय, टोकाच्या फरशीवाल्याकडे. ट्रक आठ फूट रुंद आहे. गल्ली मोजून कळव. औषधाच्या दुकानापाशी वळण आहे ना, तेही नीट बघ. एवढा लांब ट्रक वळताना मागची चाकं आतल्या बाजूनं कापत येतात.

वहिनीला नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे, ओरडा तेवढा कमी कर.

तुझी
चिमणी


७ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं, मग शेजारच्या शिंप्याला, मग घड्याळ न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला. तो बिचारा घाईत होता, तरी ऐकून गेला.

गल्ली मोजली. शिंप्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून तीन ठिकाणी मोजली. कुठेही दहा फुटांच्या खाली नाही. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात माझा जन्म गेला, माझ्या मापात चूक व्हायची नाही. वळणाचं म्हणशील, तर ते मी रोज सायकलवरून डोळे मिटून घेतो. वहिनीचं म्हणणं, की ट्रक म्हणजे सायकल नव्हे, गल्लीच्या तोंडाशीच थांबावं. तिनं जन्मात सायकलही चालवली नाही, तेव्हा तिचं मनावर घेऊ नकोस. निर्धास्त ये.

पोटभर खाऊन निघ. हॉर्न वाजवायला लाजू नकोस. उतारावर घाई करू नकोस. मी स्वतः मोटार चालवलेली नाही, पण तिच्यावर विचार पुष्कळ केला आहे.

वाटेकडे डोळे लावून बसलेला
दादा


१२ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

काल तू गेलीस तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. सकाळी एकाच्या घड्याळात दुसऱ्याचे काटे बसवले.

चूक माझी. रुंदी मोजली, वळण मोजलंच नाही. तुझ्या ट्रकचं तोंड वळलं आणि मागचं धूड औषधाच्या दुकानाच्या पायरीला भिडायला आलं. पुढे शिंप्याची पाटी. ती आणि तुझा आरसा यांच्यात बोट शिरेना. शिंपी डावीकडे घे म्हणत होता, औषधवाला उजवीकडे, फरशीवाला नुसता माझा माल, माझा माल करत होता, आणि मी सगळ्यांच्या वर आवाज चढवून दोन्हीकडे घे म्हणत होतो.

मग तू खाली उतरलीस. ट्रकभोवती एक फेरी मारलीस, आणि सगळ्यांदेखत मला सांगितलंस, की दादा, तू घरात जा आणि दार लावून घे. चिमणे, मला या गल्लीत असं कुणी हाकललं नव्हतं. पण गेलो. आणि खुणा करायला निवडलंस कुणाला, तर वहिनीला!

पडद्याआडून बघत होतो. वहिनी तळहात वर करायची, तू थांबायचीस, उतरून चाकं बघून यायचीस, मग पुन्हा वीतभर मागे. ट्रक बाहेर पडला तेव्हा शिंप्यानं टाळ्या वाजवल्या. मी पडदा मुठीत धरून उभा होतो.

आता मालकीणबाई काय म्हणतील, या विचारानं घास उतरत नाही. तू म्हणशील तर येतो, त्यांच्या हातापाया पडतो. शहाणपणा माझा होता, शिक्षा तुला नको.

तुझा चुकलेला
दादा


१६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मुळीच येऊ नकोस! जेव आधी नीट.

तू चुकलास म्हणून तुला घरात पाठवलं नाही रे. तुझा आवाज कानावर पडला की माझे हात आपसूक तुझं ऐकतात, लहानपणापासूनची खोड. त्या वेळी मला आरशांचं ऐकायचं होतं. आणि वहिनीला निवडलं, कारण तेवढ्या गर्दीत माझ्या तोंडाकडे न बघता चाकाकडे बघणारी ती एकटीच होती.

मालकीणबाईंना परतल्यावर मीच सगळं सांगितलं. वाटेत वर्दळ होती अशी थाप मारता आली असती, पण जीभ रेटेना. त्यांनी ट्रकच्या अंगावरून सगळीकडे हात फिरवून पाहिला. ओरखडा नव्हता. मग विचारलं, वळणाची शंका आधी आली होती का? आली होती म्हटलं, पण दादाचं ऐकलं. त्यावर असं काही झाडलं मला! म्हणाल्या, शंका आली की उतरायचं, चालत जायचं आणि स्वतः बघायचं, दादा सांगो नाहीतर देव.

मी खोकी बांधायची सुतळी मनातल्या मनात हातात घेतलीसुद्धा. तर बाईंनी विचारलं, गाडी बाहेर कुणी काढली? मी काढली, म्हटलं. त्यांनी मालाची वही उघडली. मग म्हणाल्या, तेवीस तारखेला डोंगरापलीकडचा माल न्यायचाय, लवकर ये. मी भीतभीत परीक्षेचं विचारलं, तर म्हणाल्या, झाली की ती बुधवारी.

फरशीवाल्याचा माल यापुढेही त्या दिवशीसारखाच गल्लीच्या तोंडाशी उतरवून हातगाडीनं जाईल. वहिनीला माझ्याकडून कडकडून मिठी मार, माझं नाव सांगून.

तुझी पक्की ड्रायव्हर
चिमणी


२० ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता मी चष्मा पुसायला थांबलो, म्हणून पुढचं वहिनीनं वाचलं. मिठीचा निरोप पोचवला. तिनं दार उघडं आहे म्हणून दटावलं.

गल्लीत सध्या तिचा थाट बघण्यासारखा आहे. औषधवाला स्कूटर काढायलाही तिला हाक मारतो. घरात मी बोलत सुटलो की ती काम न सोडता तळहात वर करते, आणि मी थांबतो.

डोंगरातल्या रस्त्याबद्दल पानभर लिहिलं होतं, ते फाडलं. रस्ता तुझ्यासमोर असेल, माझ्या नाही.

एक मागणं आहे. बाईंची परवानगी असेल तर एकदा मला केबिनमध्ये बसव. पडद्याआडून तुझा चेहरा नीट दिसला नाही. चालवताना कशी दिसतेस ते बघायचंय. अवाक्षर काढणार नाही. वहिनी म्हणते, या शब्दावर अजिबात विसंबू नकोस, जागा असेल तर मध्ये तिला बसव.

तुझा
दादा